चौदाव्या दिवसाचा रिकामा रकाना

अभ्यासातल्या एका बाईच्या अर्जावर, शस्त्रक्रियेनंतरच्या चौदाव्या दिवसाच्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं. एकविसाव्या दिवसाच्याही नाही. कडेला माझ्या विद्यार्थिनीने पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारलं होतं: 'फोन बंद. काय करू?' पेनाने 'संपर्क तुटला' असं लिहून ती मोकळी झाली असती, तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. माझ्याही ते लक्षात आलं नसतं.

सोलापुरातल्या एका शिकवणी रुग्णालयात मी सर्जरी शिकवतो. एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक थिसिस पूर्ण करावा लागतो, आणि आमच्याकडचं बहुतेक संशोधन या थिसिसच्या निमित्तानेच होतं. त्यासाठी वेगळा निधी नसतो, वेगळी माणसं नसतात. तीच ओपीडी, तीच रात्रपाळी आणि त्यातून वेळ काढून भरलेले अर्ज. पुढे लिहिलेल्या बाईंनी हे लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत. त्यांना मी अक्का म्हणतो, वॉर्डातही हेच म्हणत होतो.

अक्का 52 वर्षांच्या. अक्कलकोटच्या वाटेवर कुंभारीला विडी कामगारांची जी मोठी वसाहत आहे, तिथे राहतात. घरात तेलुगू, दारात मराठी. डाव्या स्तनात गाठ येऊन आठ महिने झाले होते. "दुखत नव्हती, मग कशाला दाखवायचं?" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो, की बोलणारीचा चेहरा बदलतो आणि वाक्य तेच राहतं. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच न दुखणारी गाठ आधी दाखवायची असते. तपासताना गाठ 4 बाय 3 सेंटिमीटर, कडक, पण छातीच्या स्नायूला न चिकटलेली. काखेत एक हलती गाठ. मॅमोग्राफी झाली, जाड सुईने तुकडा काढून ट्रू-कट बायोप्सी झाली: इन्फिल्ट्रेटिंग डक्ट कार्सिनोमा, म्हणजे स्तनाचा कॅन्सरच; हार्मोनवर वाढणारा (ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह), हर-टू निगेटिव्ह. इतरत्र पसरल्याची खूण नव्हती. स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येईल, त्यानंतर रेडिएशन घ्यावं लागेल, हे आम्ही समजावलं. पूर्ण स्तन काढला तरी रेडिएशन टळेलच असं नाही, हेही सांगितलं. दोन दिवस घरी विचार करून त्या पूर्ण काढायचं ठरवूनच आल्या. खर्च सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला.

इथपर्यंत उपचार. आता अभ्यास.

स्तन आणि काखेतल्या लसिकागाठी काढल्या की त्वचेच्या पदराखाली एक पोकळी उरते. तिच्यात पिवळसर पाणी साचतं, त्याला सेरोमा म्हणतात. या शस्त्रक्रियेनंतरचा हा सर्वांत नेहमीचा त्रास. जीवावर बेतत नाही, म्हणून सर्जन त्याकडे फारसं बघत नाहीत. पण बाईला दर चार दिवसांनी सुई टोचून घ्यावी लागते, जखम उघडू शकते, जंतू शिरू शकतात आणि केमोथेरपी लांबते. लांबून येणाऱ्या बाईसाठी प्रत्येक सुई म्हणजे एक बुडालेला दिवस. हे पाणी टाळायचा एक साधा उपाय आहे: त्वचेचा पदर खालच्या स्नायूला जागोजागी विरघळणाऱ्या टाक्यांनी पकडून पोकळीच मिटवायची. गोधडीला धावदोरा घालतात तसं. इंग्रजीतही या पद्धतीचं नाव गोधडीवरूनच आलं आहे, क्विल्टिंग. नेदरलंड्समधल्या सारा नावाच्या चाचणीत असे टाके घातलेल्या बायकांचं पाणी कमी वेळा काढावं लागलं. आमच्याकडे, आमच्या रुग्णांमध्ये, आमच्या हातांनी तसं होतं का, हा माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता. एका गटाला गोधडीचे टाके, दुसऱ्याला नेहमीची शिवण. कोण कुठल्या गटात हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. नीतिसमितीची मंजुरी होती, सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी होती.

एक अडचण मात्र आधीपासून माहीत होती. सेरोमाचं प्रमाण वाचायला बसलं, तर कुणी 3 टक्के सांगतो, कुणी 85. बायकांची शरीरं देशोदेशी इतकी वेगळी नसतात. वेगळी असते ती व्याख्या. कुणी सोनोग्राफीत दिसलेला थेंबही मोजतो, कुणी सुई लावावी लागली तरच मोजतो. आम्ही ठरवलं: शस्त्रक्रियेपासून 30 दिवसांत एकदा जरी सुईने पाणी काढावं लागलं, तर सेरोमा झाला. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि तिसाव्या दिवशी तपासणी. व्याख्या नेटकी वाटत होती. तिच्यात एक भोक होतं. ते नंतर दिसलं.

संमतीचा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या चुकीची मुळं तिथे आहेत. नियमाप्रमाणे माहितीपत्रकाचं तेलुगू भाषांतर करून घेतलं होतं. अक्कांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. सोलापूरच्या कितीतरी पद्मशाली विणकर घरांत तेलुगू बोलतात, पण शाळा झालेली असते मराठीत. तेलुगू लिपी वाचता येत नाही. अक्कांची तर शाळाच दुसरीत सुटलेली. आमचं ते भाषांतर समितीच्या फाइलीत बरोबर होतं आणि अक्कांच्या हातात निरुपयोगी. शेवटी सुनेने मराठी पत्रक वाचलं, आमच्या एका सिस्टरने तेलुगूत समजावलं, आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका साक्षीदारासमोर अक्कांनी अंगठा दिला.

चिठ्ठीने गट ठरतो म्हणजे काय, हे सांगताना आम्ही अडखळत होतो. अक्काच म्हणाल्या, "भिशीसारखं. चिठ्ठी कुणाची निघेल, भांडायचं नाही." मला ते फार आवडलं. नंतर पुष्कळ जणींना समजावताना मी तेच उदाहरण दिलं. पण भिशीत चिठ्ठी निघते तिला पैसे मिळतात. आमच्या दोन चिठ्ठ्यांपैकी चांगली कुठली, हे आम्हालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर चिठ्ठ्या टाकणंच चूक ठरलं असतं. भिशीचं उदाहरण अर्धंच लागू होतं, आणि उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही.

शस्त्रक्रिया नेहमीसारखी झाली. मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन आणि काखेतल्या लसिकागाठी काढणं; 14 गाठी निघाल्या, त्यांतल्या 3 मध्ये रोग होता. शिवायची वेळ आली तेव्हाच पाकीट उघडलं, म्हणजे चिठ्ठी बघून कुणी आधीचं काम वेगळ्या हाताने करू नये. चिठ्ठी गोधडीची निघाली. दोन-तीन सेंटिमीटरवर एक असे टाके घातले, साचणारं पाणी बाहेर ओढणारी एक नळी, सक्शन ड्रेन, ठेवली. वीस मिनिटं जास्त लागली.

तिसऱ्या दिवशी ड्रेनसकट घरी सोडलं. ड्रेनचा डबा कसा रिकामा करायचा, खुणांच्या मापात किती मिली भरलं ते कसं बघायचं, हे माझ्या विद्यार्थिनीने सुनेला दोनदा करून दाखवलं आणि माप बरोबर दिलं. सातव्या दिवशी अक्का आल्या तेव्हा 24 तासांत 40 मिली येत होतं. नवव्या दिवसापर्यंत सलग दोन दिवस ते 30 च्या खाली राहिलं, आणि ड्रेन काढला. जखम सुंदर. आणि मग चौदावा दिवस आला, अक्का आल्या नाहीत.

"सर, वगळू का त्यांना?" विद्यार्थिनीने विचारलं. "शेवटी बघितलं तेव्हा कोरडंच होतं. नाहीतर शेवटची नोंद पुढे ओढून 'सेरोमा नाही' लिहिता येईल."

तिचं म्हणणं खोटेपणाचं नव्हतं. दोन्ही रीती छापील निबंधांत दिसतात. मी तिला हृदयरोगावरच्या एका अमेरिकी चाचणीची गोष्ट सांगितली, 1980 साली छापलेली. क्लोफायब्रेट या औषधाची ती चाचणी होती. औषध नियमित घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले, सगळे खूश. मग कुणीतरी औषधाचा अंशही नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांचा हिशेब बघितला. त्यांतही गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे 15 टक्के दगावले होते, अनियमित घेणाऱ्यांपैकी 28 टक्के. खोटीच गोळी, पण ती न चुकता घेणारा माणूस वेगळा. त्याची घडी वेगळी, घर वेगळं, तब्येत वेगळी. ठरल्या दिवशी ओपीडीत येणारी बाई आणि न येणारी बाई याही दोन वेगळ्या बाया आहेत. न येणारीला वगळलं की उरलेल्यांचा हिशेब बरोबर येतो, पण तो सगळ्यांचा नसतो.

शेवटची नोंद पुढे ओढण्याबद्दल मी कडक बोललो. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काम करणाऱ्या प्रत्येकाला मॉन्ट्रियलच्या रॉजर पॉयसन या सर्जनचं प्रकरण माहीत असायला हवं. स्तन वाचवूनही बाई तितकीच जगते, हे ज्या बी-06 चाचणीने दाखवलं, तिच्यात त्याच्या रुग्णालयातले रुग्ण होते. काही बायकांना चाचणीत घेता यावं म्हणून त्याने तारखा बदलल्या होत्या. हेतू बायकांच्या भल्याचा होता, असं तो म्हणाला. 1994 मध्ये ते जगजाहीर झालं. त्याचे रुग्ण वगळून हिशेब पुन्हा केला, निष्कर्ष तोच राहिला. पण दरम्यान स्तन वाचवून घेतलेल्या हजारो बायकांच्या मनात जी धास्ती बसली, ती कुठल्या तक्त्यात मावते? आपण न बघितलेल्या दिवशी 'नाही' लिहिणं ही त्याच वाटेवरची पहिली पायरी आहे, असं मी म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग जाऊन बघू या, सर."

जाऊन बघणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, ती याच समजुतीवर. खेड्यातला रुग्ण दवाखान्याच्या दारात येईल आणि मग त्याची नोंद करू, असं म्हणत बसलं तर अर्धे रुग्ण कागदावर येतच नाहीत. म्हणून तिथले कार्यकर्ते बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत स्वतः जायचे, लोकांशी बोलायचे, लक्षणं सांगायचे, संशयित रुग्णाला तपासायला घेऊन यायचे. माझ्या लेखी सोलापूरच्या संशोधनाचा सर्वांत मोठा वारसा हाच आहे.

पण संमतीपत्रात आम्ही फक्त फोन करायची परवानगी घेतली होती, घरी जायची नाही. आणि कॅन्सरची बाई शोधत डॉक्टर वसाहतीत आले, तर संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना कळतं. घरी लग्नाची मुलगी असेल तर त्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या बाजूने, त्यांची केमोथेरपी ठरवायची होती. संशोधन बाजूला ठेवलं तरी रुग्ण म्हणून त्यांना शोधणं आमचं कामच होतं. मार्ग आमच्या समाजसेवा अधीक्षक बाईंनी काढला. त्या तेलुगू बोलतात. साध्या साडीत, रिक्षाने, एकट्या गेल्या. नाव घेऊन घर विचारलं, आजाराचा शब्द काढला नाही. दहा हजारांवर सारख्याच दिसणाऱ्या घरांत दीड तास फिरल्या. अक्कांना भेटून आधी एवढंच विचारलं: डॉक्टरीणबाई आलेल्या चालतील का? अक्का म्हणाल्या, "येऊ दे की."

विद्यार्थिनी गेली तेव्हा अक्का उंबऱ्यात सूप घेऊन बसल्या होत्या. पान, जर्दा, दोरा, आणि बोटं बघताही येऊ नयेत इतकी वेगात. डाव्या काखेखाली थोडा फुगवटा होता.

बाराव्या दिवशी काख फुगली होती. जवळच्या एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं. पाच दिवसांनी पुन्हा काढलं. म्हणजे आमच्या व्याख्येप्रमाणे सेरोमा झाला होता, तोही दोनदा सुई लागलेला, आणि आमच्या कागदावर त्याचा मागमूस नव्हता. आम्ही मोजत होतो ते आमच्या ओपीडीत काढलेलं पाणी. दुसरीकडे काढलेल्या पाण्याला आमच्या अर्जात जागाच नव्हती. हेच ते भोक.

किती निघालं होतं, हे विचारायचं म्हणून विचारलं. सून आत गेली आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेऊन आली. दुधाचा हिशेब लिहितात त्या चौकोनांत, दोन तारखांखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: 90. 60. ड्रेनसाठी दिलेलं माप तिने जपून ठेवलं होतं आणि दोन्ही वेळा त्या डॉक्टरांना त्यातच पाणी ओतायला लावलं होतं. "मॅडमनी सांगितलं होतं ना, मोजून लिहायचं," ती म्हणाली. ड्रेन निघाल्यावर मोजायचं थांबवा, असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. आमच्याकडे का आला नाहीत? रिक्षाचे पैसे, बुडणारी मजुरी, ही उत्तरं आम्ही गृहीतच धरली होती, आणि तीही खरी होती. पण अक्का म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होता, जादा टाके घातलेत, पाणी होणार नाही. तरी झालं. मला वाटलं माझंच काही चुकलं. दहाव्या दिवशीच विड्या वळायला बसले ना. तुम्ही रागवाल."

विद्यार्थिनीला आठवलं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी राउंडवर ती आनंदाने म्हणाली होती, अक्का, तुम्हाला नवीन टाके मिळालेत, आता पाणी साचायचं नाही. त्या राउंडला मी शेजारी उभा होतो. मी अडवलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

ज्या गटाला आपण वचन देतो, त्या गटातली बाई वचन मोडलं की आपल्याकडे येत नाही. ती लाजते, स्वतःला दोष देते, दुसरीकडे जाते. नेहमीची शिवण असलेल्या बाईला कुणी काही वचन दिलेलं नसतं. तिचं पाणी झालं की ती सरळ ओपीडीत येते आणि मोजली जाते. अशा दहा-बारा बाया झाल्या, की नवीन टाके कागदावर जिंकतात, छातीवर जिंकले असोत वा नसोत. चिठ्ठ्या प्रामाणिक होत्या, पाकिटं बंद होती, आकडेमोड बरोबर असती. बिघाड राउंडवरच्या एका प्रेमळ वाक्यात होता.

विड्या वळल्याने पाणी झालं नाही, हे अक्कांना समजावायला मात्र बराच वेळ लागला. पहिल्याच दिवसांत खांद्याचे जोरकस व्यायाम केले तर पाणी वाढू शकतं, हे खरं. पण सूप मांडीवर घेऊन बोटांनी केलेलं काम म्हणजे ते नव्हे. काखेतल्या गाठी काढल्या की पाणी कुणालाही होऊ शकतं, टाके असोत वा नसोत. "मग तसं आधी सांगायचं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या ओपीडीत आल्या. सोनोग्राफीत थोडं पाणी उरलं होतं, जंतुसंसर्ग नव्हता, सुई लावावी लागली नाही. पाचव्या आठवड्यात केमो सुरू झाली.

अक्कांच्या अर्जावर सेरोमा 'हो' झाला आणि त्या गोधडीच्या गटातच मोजल्या गेल्या. चिठ्ठी ज्या गटाची, हिशेब त्या गटात. घडलेली चूक आम्ही नीतिसमितीला लेखी कळवली आणि दुरुस्ती मंजूर करून घेतली. आता गट कुठला, हे बाईला तिसाव्या दिवसानंतरच कळतं, आणि तपासणारा निवासी डॉक्टर शस्त्रक्रियेला हजर नसलेला असतो. सर्जनपासून टाके लपवता येत नाहीत, पण बाईपासून आणि तपासणाऱ्यापासून लपवता येतात. ते पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. मार्गदर्शक म्हणून ती चूक माझी. संमती घेताना एक वाक्य आता तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, ज्या भाषेत लागेल त्या भाषेत तोंडी सांगतो आणि परत म्हणवून घेतो: दोन्हींपैकी चांगलं कुठलं ते आम्हाला माहीत नाही, आणि पाणी झालं तर त्यात तुमची चूक नाही. भिशीचं उदाहरण मी अजून देतो, पण पुढे जोडतो की या भिशीत कुठल्या चिठ्ठीत पैसे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. घरी येऊ का, दुसरा कुणाचा नंबर देता का, हे संमतीतच विचारतो. अर्जात एक नवा रकाना आहे: 'दुसरीकडे कुठे पाणी काढलं का? कधी? किती?' आणि प्रत्येकीला ड्रेन निघाल्यावरही माप घरी ठेवायला सांगतो. ही कल्पना अक्कांच्या सुनेची आहे, थिसिसमध्ये तसा उल्लेख नावाशिवाय केला आहे.

अक्कांच्या आधी आणखी तिघी अशाच मधे सुटल्या होत्या. त्यांचे अर्ज पुन्हा काढले. समाजसेवा अधीक्षक बाई पुन्हा निघाल्या. एक शहरातल्या साखर पेठेतच भेटली. तिचंही पाणी बाहेर एकदा काढलं होतं, आणि ती नेहमीच्या शिवणीच्या गटातली होती. म्हणजे माझा तर्क प्रत्येक वेळी एकाच दिशेने चालेल असं नाही, हेही कळलं. दुसरी मोहोळजवळच्या गावात, पूर्ण कोरडी, ठणठणीत. उसाची तोड चालू होती म्हणून आली नव्हती. तिसरीचं घर बंद होतं. शेजारी म्हणाले, लेकीकडे हैदराबादला गेली, कधी येईल माहीत नाही. फोन लागला नाही.

विद्यार्थिनीने तिच्या ओळीत पेनाने लिहिलं: 'भेट झाली नाही. माहिती नाही.' तक्त्यात ती ओळ तशीच राहणार आहे, तिच्या गटात, रिकामी.